तिसऱ्या मजल्यावरील राज्यात एका लॅपटॉपची आठ दिवस चौकशी जाहली त्याची हकिकत

श्री. ज्याने माणसास संशय दिला आणि तो फेडावयास डोळेही दिले, त्यास नमस्कार. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, गुरुवार, ते दिवसापासून वद्य चतुर्थीपर्यंत एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जसे घडले तसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य लहान, तीन खोल्या आणि एक गच्ची इतकाच मुलूख, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुधा बंद. तेथे राव दिनकरराव राज्य करीत होते. राव पूर्वी सरकारच्या वजनमापे खात्यात तपासनीस होते, आणि एकतीस वर्षे बाजारोबाजार हिंडून तराजू, वजने आणि पेट्रोलचे पंप तपासले, म्हणोन त्यांची अशी खात्री जाहली होती की जगातले प्रत्येक माप खोटे असते, जोवर आपण स्वतः तपासले नाही तोवर. त्यांच्या पत्नी सुलभाबाई चौदा महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. मागे राव आणि एकुलत्या एक कन्या केतकीबाई, वय चोवीस, एवढीच दोन माणसे राज्यात उरली, आणि दोघांत बोलणे होई ते दूध, भाजी आणि गॅसच्या नंबराचे.

केतकीबाई गावातल्या छापखान्यात चाकरीस होत्या, सकाळी नवास जात आणि संध्याकाळी आठास येत. त्यांस दूरच्या एका शहरातील पेढीने खलिता पाठविला की, आमचे खेळ बाजारात जाण्याआधी तुम्ही खेळावे, चुका काढाव्या, आणि चुकांचा तक्ता करून रोज पाठवावा, पगार चांगला देऊ. इकडे येऊन राहावे, अथवा घरी बसून करणे असेल तर यंत्र आपले स्वतःचे असावे, आणि वद्य चतुर्थीस शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या देखत एक तास आमचा खेळ त्यावर चालवून दाखवावा, पडद्यावर दर सेकंदास पन्नासांहून कमी चित्रे पडली तर घरून काम मिळणार नाही. केतकीबाईंनी खलिता वाचून दाखविला आणि राव म्हणाले, "चुका काढायचा पगार देतात? म्हणजे माझंच खातं म्हणायचं." मग केतकीबाई म्हणाल्या, "घरूनच करीन म्हणते. एक लॅपटॉप घ्यावा लागेल." त्यावर राव म्हणाले, "जायचं असेल तर जा. माझ्यासाठी राहू नकोस." हे राव बोलले, पण पोटातून बोलले नाहीत. कन्या गेली तर तीन खोल्यांत आपण एकटे उरणार हे त्यांस दिसत होते, आणि तसे सांगावे हे त्यांच्या तोंडास येत नव्हते. मग त्यांनी सांगितले, "घे, पण मी तपासल्याशिवाय नाही."

दसऱ्याचे दिवशी उभयता बाजारात गेली. यंत्रांचे सौदागर जयदीप शेटे म्हणून होते, दुकानास झेंडूची तोरणे लावली होती, आणि गर्दी बरीच. फार महाग यंत्रे काचेच्या आड होती, ती रावांनी पाहिली आणि सोडली. फार स्वस्त होती ती केतकीबाईंनी सोडली, कारण त्यांवर खेळ चालत नव्हता. मग मधल्या किमतीचे एक काळ्या रंगाचे यंत्र समोर आणले. शेट्यांनी गुण वर्णिले की, खेळासाठी वेगळे कार्ड आहे, आत हवा फिरवावयास दोन पंखे आहेत, अक्षरांखाली दिवे लागतात, आणि रोजची पत्रे, तक्ते, सिनेमे हे तर याच्या हातचा मळ. राव म्हणाले, "बॅटरी?" शेटे म्हणाले, "दहा तासांपर्यंत, काका." राव म्हणाले, "पर्यंत म्हणजे? एक तास चालली तरी दहापर्यंतच झाली की." शेटे हसले आणि म्हणाले, "साधं काम असेल तर सहाएक तास धरा. आणि खेळ खेळायचा तेव्हा चार्जर लावूनच खेळायचा, एवढं लक्षात ठेवा." हे ऐकून रावांचा संशय दुप्पट जाहला. बाजारात ज्याचा तराजू खोटा तोच आधी सांगतो की साहेब, वारा फार आहे, काटा हलतो. तशी ही पुढची पळवाट असे रावांनी मनात धरिले, आणि चार्जरची गोष्ट तेथेच टाकून दिली. "आठ दिवसांत पसंत नाही पडलं तर परत घेणार?" असे विचारले, शेटे घेणार म्हणाले, राव म्हणाले, "लिहून द्या." शेट्यांनी लिहून दिले. मग रावांनी खोक्याची चिकटपट्टी बोटाने चाचपली, कोणी आधी उघडून पुन्हा लावली तर नाही, आणि खोक्यावरचा, बिलावरचा आणि यंत्राच्या पोटावरचा असे तिन्ही नंबर चष्मा लावून जुळविले. केतकीबाई दुसरीकडे पाहत उभ्या राहिल्या.

घरी आणल्यावर आधी यंत्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेविले. दोन किलो तीनशे भरले, खोक्यावर दोन किलो दोनशे लिहिले होते. राव म्हणाले, "बघ, सुरुवातच शंभर ग्रॅमच्या खोट्यानं." केतकीबाई म्हणाल्या, "बाबा, जास्त भरलंय. कमी नाही." राव म्हणाले, "जास्त असो की कमी, लिहिलंय तेवढं नाही." मग बिजागरी वीस वेळा उघडली मिटली, पडदा एका हाताने हलवून पाहिला, तो किंचित थरथरला, तेही लिहून ठेविले. लोकांनी यंत्राविषयी फोनवर काय लिहिले आहे ते केतकीबाईंनी दाखविले, त्यातही रावांनी चूक काढली की, ज्यास काल मिळाले त्याने आज पाच तारे दिले, हा साक्षीदार कसला?

मग चाचणी ठरली. त्या पेढीने पाठविलेल्या खेळात अशी सोय होती की एक बटण दाबले असता खेळ आपला आपण दहा मिनिटे चालतो, घोडे पळतात, किल्ले पडतात, नदीस पूर येतो, आणि शेवटी आकडा दाखवितो की दर सेकंदास इतकी चित्रे पडली. रावांनी खात्याचा रिवाज लाविला की माप एका वेळेस तपासू नये, दोन वेळेस तपासावे, एकदा धन्याच्या देखत आणि एकदा धन्याच्या मागे. म्हणोन सकाळी सातास केतकीबाईंच्या देखत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर राव एकटे, असे ठरले. शुक्रवारी सकाळी आकडा एकसष्ट आला. केतकीबाईंच्या तोंडावर रंग आला आणि त्या छापखान्यात गेल्या. संध्याकाळी रावांनी देवापाशी दिवा लाविला, घरातली नित्याची कामे उरकली, आणि यंत्रापुढे बसून बटण दाबिले. घोडे पळाले ते चिखलातून पळावे तसे पळाले, किल्ला पडता पडता मध्येच थांबला आणि मग पडला. आकडा तेवीस. शनिवारी सकाळी साठ, संध्याकाळी बावीस. राव वहीकडे पाहून स्वतःशीच म्हणाले, "आता सापडलास." रोगी तापतो तसे यंत्र दिवसभरात तापत असेल म्हणोन घरातला तापाचा थर्मामीटर यंत्राच्या पोटाखाली लाविला, त्याने आकडा न दाखविता नुसता आवाज केला आणि बंद पडला. पंख्यांचा आवाज शेजारच्या मिक्सरएवढा होतो असे लिहिले, आणि ते खरे होते.

रविवारी खेळाची चाचणी ठेविली नाही, रोजच्या कामाची ठेविली. रावांनी स्वतः पत्र टंकिले, केतकीबाईंनी तक्ता केला, पुण्याच्या आत्याबाईंशी चेहरा दाखवून बोलणे जाहले, आत्याबाई म्हणाल्या, "दादा, तू इतका धुरकट का दिसतोस?" म्हणोन कॅमेरा सामान्य असे लिहिले. किल्ल्या मऊ आणि टंकावयास सुखाच्या, पडद्याचे रंग जरा फिके, आवाज पातळ, आणि बॅटरी पाच तास चाळीस मिनिटे टिकली. राव म्हणाले, "त्या शेट्यानं सहाएक म्हटलं होतं. इथं मात्र फार खोटं बोलला नाही." आणि ह्याच गोष्टीने त्यांस अधिक संशय आला, कारण एकाच माणसाचे एक वजन खरे आणि एक खोटे असे सहसा होत नाही.

सोमवारी सकाळी एकसष्ट आणि संध्याकाळी पुन्हा तेवीस. मग राव खुर्चीत बसून विचार करू लागले. यंत्र घरातच असते. दार बंद असते. सकाळच्या चाचणीनंतर आपण आंघोळीस जातो आणि केतकी पाव तास त्यापाशी एकटी बसते. आणि हा विचार मनात आला तसा त्यांस धक्का बसला, पण एकतीस वर्षांची सवय, आलेला संशय मध्येच सोडता येईना. मुलीस जावयाचे आहे. तोंडाने सांगवत नाही. म्हणोन यंत्र नापास व्हावे आणि दोष यंत्राचा निघावा, अशी तजवीज ती करिते. रात्रीच्या जेवणास आमटी वाढता वाढता राव म्हणाले, "मी आंघोळीला जातो तेव्हा तू त्या मशीनमध्ये काय करतेस?"

"मेल बघते. का?"

"बघतेस तेवढंच?"

केतकीबाईंनी घास ताटात ठेविला आणि म्हणाल्या, "बाबा, सरळ विचारा."

"सकाळी साठ येतात आणि संध्याकाळी तेवीस. मधल्या वेळात मशीनला हात फक्त तुझा लागतो."

"अच्छा. आणि मी असते तेव्हा साठ येतात, तुम्ही एकटे असता तेव्हा तेवीस. मग संशय कुणावर घ्यायचा, तुम्हीच सांगा. तपासनीस तुम्ही."

"मी? मी कशाला असं करीन?"

"ते मला काय माहीत. 'जायचं असेल तर जा' असं तुम्हीच म्हणालात. पहिल्याच दिवशी."

असे बोलून केतकीबाई उठल्या, ताट तसेच राहिले. राव एकटेच जेवले, आणि आमटीत मीठ नाही हे त्यांस शेवटपर्यंत कळले नाही. मंगळवारी दोघांत दूध, भाजी हेही बोलणे जाहले नाही. बुधवारी राव दुकानी गेले आणि शेट्यांस वही दाखविली. शेट्यांनी आकडे पाहिले, डोके खाजविले आणि म्हणाले, "काका, मशीन असं वेळ बघून बिघडत नाही. मी स्वतः येतो. उद्या संध्याकाळी, तुम्ही रोज करता तसंच माझ्यासमोर करा. काही वेगळं करू नका." रावांनी मनात म्हटले, आता हा येऊन काही हातचलाखी करणार, तर कन्येसही हजर ठेवावे, दोघांवर एकदम नजर राहील. आणि केतकीबाईंस सांगितले की, उद्या लवकर ये. त्या म्हणाल्या, "येते. मलाही बघायचंच आहे."

गुरुवारी साडेसहास शेटे आले. त्यांस खुर्ची दिली, पाणी दिले, यंत्रास हात लावावयाचा नाही असे बजाविले. केतकीबाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. राव म्हणाले, "रोज करतो तसंच करतो." मग देवापाशी गेले, दिवा लाविला, हात जोडिले, आणि घरात फिरून आले, आधी बैठकीत, मग आतल्या खोलीत, मग स्वयंपाकघरात, मग परत आले आणि यंत्रापुढे बसून बटणावर बोट ठेविले.

शेटे म्हणाले, "काका, थांबा. हे काय केलंत?"

"काय केलं?"

"पिन काढलीत."

"कुठली पिन?"

"चार्जरची. आत्ता. टीव्हीची काढलीत, मिक्सरची काढलीत, आणि येता येता ह्याची पण काढलीत."

"मी काही काढली नाही," असे राव म्हणाले, आणि ते खोटे बोलत नव्हते. मग त्यांनी टेबलामागे वाकून पाहिले. चार्जरची तार फरशीवर पडली होती आणि बोर्डावरची सर्व बटणे बंद होती. राव आपल्या हाताकडे पाहत राहिले.

तर त्याचे कारण असे की, सुलभाबाई होत्या तेव्हा एके वर्षी परतीच्या पावसात वीज पडली, आणि राज्यातील टीव्ही जळाला, आणि तेव्हापासून सुलभाबाईंचा हुकूम जाहला की दिवेलागणीस फ्रीज सोडून घरातल्या सर्व पिना काढावयाच्या, त्या सकाळी दूध तापविताना लावावयाच्या. त्या होत्या तोवर स्वतः काढीत, आणि राव चेष्टा करीत की, आभाळात ढग नाही, कुणाला घाबरतेस? सुलभाबाई गेल्या त्या संध्याकाळपासून पिना राव काढू लागले. ठरवून काढू लागले असे नाही. दिवा लाविला की हात जात असे. चौदा महिन्यांत हुकूम एक दिवस चुकला नाही, आणि पाळणारास आपण पाळतो हे माहीत नव्हते. केतकीबाई आठास घरी येत तेव्हा पिना निघालेल्या दिसत, पण त्या घरात त्या वेळी पिना निघालेल्याच असतात, म्हणोन त्यांसही वेगळे काही वाटले नाही. चाचणी आधी होते आणि पिना मागून निघतात असे त्या धरून होत्या. आणि रविवारी बॅटरीचीच परीक्षा होती, त्यामुळे उघड जाहले नाही.

शेटे म्हणाले, "ह्या जातीच्या मशीनला खेळासाठी फार वीज लागते. बॅटरीवर तेवढी मिळत नाही, म्हणून ते स्वतःच हात आखडून घेतं. ते मुद्दामच तसं केलेलं असतं. दुकानात सांगितलं होतं, काका."

"सांगितलं होतंत," राव म्हणाले. "मला ती पळवाट वाटली."

केतकीबाई आधी हसल्या. मोठ्याने हसल्या, शेटेही हसले. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला. शेट्यांनी पिन लाविली, बटण दाबिले, एकसष्ट आले. शेटे जाताना म्हणाले, "परत घ्यायचं का काका? लिहून दिलंय मी." राव म्हणाले, "नको. तुमचं माप बरोबर आहे." इतकी वर्षे हे वाक्य त्यांनी फार थोड्या लोकांस ऐकविले होते.

दुसरे दिवशी वद्य चतुर्थी, शुक्रवार. दुपारपासून आभाळ भरले, आणि साडेसहास पश्चिमेकडे विजा चमकू लागल्या. राव दिवा लावून उठले आणि त्यांचा हात पुढे गेला. केतकीबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा, काढायची असेल तर काढा. मी त्यांना उद्याचं विचारते."

"नको. राहू दे."

"आई असती तर काढली असती."

"असती तर तिनंच काय ते ठरवलं असतं. राहू दे म्हटलं ना."

मग सातास परीक्षा सुरू जाहली. पेढीचे दोन अंमलदार पडद्याच्या कोपऱ्यात चेहरे दाखवून बसले, केतकीबाई कानास हेडफोन लावून खेळू लागल्या, पंखे घोंगावू लागले, आणि राव विजेच्या बोर्डासमोर उभे राहिले, पाठीमागे एका हाताने दुसरा हात धरून. बाहेर तीनदा मोठे कडकडले. तिसऱ्या वेळेस दिवे लवलवले आणि रावांनी डोळे मिटले, पण हात सोडिला नाही. यंत्र एक तास चालले. आकडा चोपन्नाच्या खाली गेला नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी पेढीचे अंमलदार म्हणाले की, यंत्र मंजूर, घरून काम करावे, सोमवारपासून रुजू व्हावे. केतकीबाईंनी आभार मानिले आणि यंत्र मिटले.

राव कन्येच्या तोंडाकडे पाहत होते. बाजारात ज्याचा तराजू पास होतो त्याचे तोंड कसे होते हे त्यांनी हजारो वेळा पाहिले होते. हे तोंड तसे नव्हते. मग राव समोर बसले आणि म्हणाले, "तुला इथं राहायचंय का?"

"मशीन पास झालं ना, बाबा."

"मशीनचं विचारत नाही."

केतकीबाईंनी हेडफोनची तार गुंडाळली. मग म्हणाल्या, "वर्षभर तरी जाऊन बघायचं होतं."

"मग मशीन कशाला घेतलंस?"

"राहता यावं म्हणून. तुम्हांला एकटं कसं सोडू?" आणि मग म्हणाल्या, "संध्याकाळचे आकडे पडायला लागले ना, तेव्हा मला वाटलं, तुम्हीच पाडताय. बाबांनाच मी जायला हवी आहे. राग आला. पण आत कुठंतरी बरं पण वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून रडू आलं."

राव म्हणाले, "मला वाटलं तू पाडतेस."

"आणि तुम्हांला काय हवं होतं?"

"तू राहावीस."

"एकदाही म्हणाला नाहीत."

"म्हणालो असतो तर तू राहिली असतीस."

बाहेर पाऊस धरला होता. केतकीबाई म्हणाल्या, "मग आता?" राव म्हणाले, "आता तुला माहीत आहे मला काय हवंय, आणि मला माहीत आहे तुला काय हवंय. जा तू. वर्षभर जा. त्यांना कळव, घरून नको, तिकडेच येते म्हणून." केतकीबाई म्हणाल्या, "तुमच्या जेवणाचं?" राव म्हणाले, "आमटी येते मला." त्या म्हणाल्या, "परवा मीठच नव्हतं तिच्यात." राव म्हणाले, "तेव्हाच सांगायचंस की." आणि दोघे हसली, आणि हसता हसता एकाने दुसऱ्याकडे पाहिले नाही.

येणेप्रमाणे चौकशीचा निकाल तो असा. यंत्र रोजच्या कामास चांगले, खेळास तारेवर चांगले, बॅटरीवर नाही. आवाज करिते, तापते, कॅमेरा सामान्य, बिजागरीची खात्री वर्षानंतर सांगता येईल. सौदागर खरा निघाला. केतकीबाई कार्तिक शुद्ध पंचमीस यंत्र घेऊन परमुलखास रवाना जाहल्या आणि तेथे कामावर रुजू आहेत. बाप आणि लेक खरे बोलली ती चार वाक्ये. तेवढ्यास आठ दिवस आणि एक यंत्र लागले. जसे जाहले तसे लिहिले, अधिक उणे नाही.